सामान्य मानवी हालचाल

माझ्या डोक्यावरचा दिवा मला माणसांत मोजत नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी इस्त्रीच्या पुस्तिकेचं शेवटचं पान वाचत होतो. 'इस्त्री तापलेली असताना' इथपर्यंत आलो आणि खोलीत अंधार झाला. वीज गेली म्हणावं, तर दाराच्या काचेतून कॉरिडॉरमधला लख्ख उजेड दिसत होता आणि पलीकडे कुणीतरी मजेत शीळ घालत होतं. मी सवयीने बटणाच्या दिशेने निघालो, तर दिवा आपला आपण लागला. परत येऊन बसलो, इस्त्री कुठे तापली होती ते शोधून काढलं, आणि परिच्छेद संपायच्या आत पुन्हा अंधार.

हे दिवे आदल्याच आठवड्यात बसवले होते. आमचे प्रशासनाचे साहेब कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले होते, आणि साहेब प्रदर्शनाला जाऊन आले की आमच्या इमारतीत काहीतरी बसतंच. मागे एकदा आपोआप सुटणारे नळ बसले. त्यांच्यापुढे हात धरला की ते विचारात पडतात, आणि कंटाळून हात मागे घेतला की पाणी सोडतात. आताच्या दिव्यांना छतावर बशीएवढा एक पांढरा डोळा होता. खोलीत माणूस असला की लागायचं आणि नसला की विझायचं, एवढंच त्यांचं काम. भिंतीवरची बटणं काढून टाकली, कारण माणूस बटण बंद करायला विसरतो, असं साहेबांनी बैठकीत सांगितलं. त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली होती की नाही, हे आता आठवत नाही, बहुधा नसावी.

माझं काम सांगायला हवं. आमची कंपनी घरगुती उपकरणं बनवते: मिक्सर, इस्त्र्या, पंखे, बादलीतलं पाणी तापवायच्या हीटरच्या कांड्या. प्रत्येक खोक्यात एक पुस्तिका असते. खोकं उघडल्यावर सगळ्यात आधी ती जमिनीवर पडते आणि पुढचे काही महिने तिथेच राहते. ती छापायला जाण्याआधी शेवटची वाचून सही करणारा माणूस मी. शेवटचा, आणि माझ्या अंदाजाने एकमेव. हे काम करायला एक टेबल, एक लाल पेन, एक दार आणि शांतता लागते. माझ्याकडे कॉरिडॉरच्या टोकाला एक छोटी खोली होती, तिला कोपऱ्यात एक लहान खिडकी होती, जिचा उजेड टेबलापर्यंत येत नसे, आणि बऱ्याच जणांना मी अजून नोकरीत आहे हे माहीतच नव्हतं. यापेक्षा सुखाची जागा मला माहीत नाही.

तर दिवा विझला की हात हलवायचा, हे मी लवकरच शिकलो. हातही नुसता हलवून भागत नाही. तो डोक्यावर नेऊन, सुटलेल्या गाडीतल्या पाहुण्याला निरोप देतो तसा हलवावा लागतो. माझ्या दाराला काच आहे. त्यामुळे बाहेरून जाणाऱ्याला असं दिसायचं, की आत एक पोक्त गृहस्थ अंधारात एकटेच बसून कुणालातरी निरोप देताहेत. आमचे शिपाई मामा समजले, की मी त्यांना बोलावतोय. मी बोलावतोय म्हणजे चहा हवा असणार. त्यांनी चहा आणला. थोड्या वेळाने पुन्हा आणला. तिसऱ्यांदा ते दारात दिसले तेव्हा मी नको म्हणून जोरात हात हलवला, तर मामा "दोन आणू? बरं," म्हणून गेलेसुद्धा.

मग मी तक्रार केली आणि वायरमन आला. त्याने खोलीत दोन-चार चकरा मारल्या.

"चालू आहे की," तो म्हणाला.

"तुम्ही चालताय म्हणून. मी बसून काम करतो."

"मग बसा की."

मी बसलो. तो शेजारी उभा राहिला आणि आम्ही दोघं छताकडे बघत राहिलो. पण तो गृहस्थ मुळातच चुळबुळ्या. कधी मान खाजव, कधी पेचकस या खिशातून त्या खिशात घाल. दिवा काही विझेना. शेवटी मी त्याला बाहेर उभं राहून काचेतून बघायला सांगितलं आणि इस्त्री पुढे वाचू लागलो. झाला अंधार. तो आत आला, तसा दिवा लागला. त्याने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा दिव्याकडे.

"दिव्यात काही दोष नाही, साहेब," तो म्हणाला. दोष कशात आहे हे त्याने सभ्यपणाने सांगितलं नाही.

मी त्याच्याकडून दिव्याची पुस्तिका मागून घेतली. त्याला आश्चर्य वाटलं. ती अजून कुणी मागितली नव्हती, वेष्टणसुद्धा फोडलेलं नव्हतं. पुस्तिका बनवणाऱ्यांनीच पुस्तिका वाचायची नाही, हा आमच्या इमारतीचा अलिखित नियम आहे. मी ती वाचायला बसलो आणि हातात लाल पेन असल्यामुळे तिच्यातल्या चुका सुधारत गेलो. मध्ये अनेकदा अंधार झाला. शेवटी चौथ्या पानावर ते वाक्य सापडलं: 'खोलीत सामान्य मानवी हालचाल असेपर्यंत दिवा चालू राहील.'

वाक्यात एकही चूक नव्हती. मी ते तीनदा वाचलं आणि माझी तिन्ही वेळा सारखीच मानखंडना झाली. सामान्य! मी असामान्य आहे असं माझं कधीच म्हणणं नव्हतं. लहानपणापासून आजवर माझ्याबद्दल लोकांनी जे काही मत दिलं, त्यात सामान्य हा शब्द असायचाच, आणि मी तो पदरात घेऊन सुखाने जगत होतो. आता एका दिव्याने तोही काढून घेतला.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही, हेच जास्त लागलं.

"मला वाटायचं, मलाच तसं वाटतं," ती म्हणाली.

"कसं?"

"अहो, परवा मी तुमच्यामागची खिडकी पुसत होते. ओलं फडकं कुठे ठेवावं म्हणून तुमच्या खांद्यावर ठेवलं. तुम्हाला कळलं का?"

मला कळलं नव्हतं. शर्ट कसा ओला झाला याचं मात्र मला त्या दिवशी कोडं पडलं होतं.

एवढ्यात शेजारचे काका आमचं वर्तमानपत्र न्यायला आले. हे काका निवृत्त झाल्यापासून व्यायाम करतात आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांना करायला सांगतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या मांडीवर थाप मारली.

"पाय हलवा!" ते म्हणाले. "बसल्या बसल्या पाय हलवत राहायचं. रक्त फिरतं."

"काका, रक्ताचा प्रश्न नाही. दिव्याचा आहे."

"दोन्ही कामं होतील."

दुसऱ्या दिवशी मी सकाळभर पाय हलवला. टेबलावरचं पेन गडगडून पडलं, चहा बशीत आला, खालच्या मजल्यावरून वर काय चाललंय अशी विचारणा झाली. दिवा विझायचा तेव्हा विझतच होता, कारण त्याचा डोळा छताला होता आणि माझा पाय टेबलाखाली.

मग भोवरा आला. भोवरा म्हणजे आमचा विक्री विभागातला सहकारी. त्याला हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण त्याला त्याच्या खुर्चीत बसलेला पाहिल्याचं कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. हातात एक कागद धरून तो दिवसभर इमारतभर फिरतो. माणूस अतिशय चांगला. फक्त त्याच्याशी बोलायचं तर बरोबर चालावं लागतं. माझ्या दारात तो जेमतेम टेकला.

"मान हलवा," तो म्हणाला. "वाचताना अशी हळूहळू. मान वर असते, दिव्याला दिसेल." एवढं बोलून तो जिन्यापर्यंत पोहोचलासुद्धा.

मानेने काम झालं, हे कबूल केलं पाहिजे. दिवा टिकला. पण आमच्याकडे पुस्तिकांची पानं संगणकावर लावणारी एक मुलगी आहे, अतिशय मेहनती आणि तितकीच हळवी. ती मिक्सरची पानं घेऊन आली आणि मी वाचून होईपर्यंत समोर उभी राहिली. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मान नकारार्थी हलवत होतो. डोकं वर काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळंच पुन्हा करते, सर," म्हणून ती पानं ओढून घेऊन गेली, आणि दोन दिवस खपून तिने ती अख्खी पुस्तिका नव्याने लावली. आधीची जास्त चांगली होती. तिला हे सांगायचा मला धीर झाला नाही.

शेवटी उपाय निघाला तो बायकोच्या डोक्यातून. "तुम्ही नाही हलत ना, मग दुसरं काहीतरी हलवा," ती म्हणाली. काकांकडे एक जुना टेबलफॅन होता, मान फिरवणारा. तिने त्याच्या जाळीला भेटवस्तूंवरच्या रंगीत फिती बांधून दिल्या. फॅन मी कपाटावर ठेवला. तो सावकाश डावीकडे बघायचा, मग उजवीकडे बघायचा, फिती फडफडायच्या, आणि वरचा दिवा समाधानाने जळत राहायचा. माझ्या वाट्याची सामान्य मानवी हालचाल तो फॅन करत होता आणि मी खाली बसून वाचत होतो. इतकं काम मी कित्येक महिन्यांत केलं नव्हतं. चहाही वेळेवर आणि एकदाच येऊ लागला.

पुढे सुट्ट्या जोडून आल्या. निघताना मी खिडकी लावली, दार ओढून घेतलं आणि घरी जाऊन स्वस्थ पडलो. 'वापर संपल्यावर उपकरणाचे बटण बंद करावे' हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा वाचलं असेल तितक्या वेळा कुणी वाचलं नसेल. फॅन चालूच राहिला.

आता, या दिव्यांना नुसतं बघता येत होतं असं नाही. ते बघितलेलं साहेबांना सांगतही होते. कुठल्या खोलीत किती वेळ माणूस होता, याचा अहवाल आपोआप तयार व्हायचा आणि प्रवेशदारापाशी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर झळकायचा. सुट्टीनंतर कामावर आलो तर पडद्यापुढे घोळका. सगळ्यात वर माझी खोली होती. सुट्टीच्या सगळ्या दिवशी, चोवीस तास, अखंड वापर. खाली साहेबांनी अभिनंदनाची ओळ टाकली होती.

मला वाटलं, लोक हेवा करतील. पण लोक माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने बघत होते. दुपारी मामांनी न मागता जेवणाचा डबा आणून ठेवला. "घरचा आहे. खा, लाजू नका," ते म्हणाले. भोवरा दारात आला आणि चक्क आत येऊन बसला. तो बसला म्हटल्यावर मी लाल पेन खाली ठेवलं.

"किती दिवस झाले?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"कशाला?"

"राहू द्या, नका सांगू. पण इथे खुर्चीत झोपून पाठ जाईल तुमची. माझ्याकडे एक घडीची खाट आहे, आणून देतो. आणि एक सांगू? वहिनींशी एकदा बोलून बघा. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं चुकतंच."

मी घरातून हाकलला गेलो आहे आणि कचेरीत राहतो आहे, हे तोपर्यंत इमारतभर झालं होतं. संध्याकाळी ते इमारतीबाहेरही गेलं, कारण पानं लावणारी मुलगी आमच्याच गल्लीतल्या दुकानात सामान घेते. घरी पोहोचलो तर बायको दारातच उभी.

"मी तुम्हाला घराबाहेर काढलंय म्हणे."

"असं कोण म्हणालं?"

"दुकानदार. त्याने मला सामान देताना असं बघितलं, जसं काही मी तुमचं ट्रंक-अंथरूण रस्त्यावर फेकलंय. वर म्हणाला, 'ताई, माणूस गरीब आहे हो.' इतकी वर्षं मी काय सहन केलं हे कुणी नाही विचारलं! मी खांद्यावर फडकं ठेवते तरी कळत नाही, त्या माणसाला मी हाकलून देईन कशाला? असून नसून सारखाच!"

हे बोलताना ती रागावली होती, त्यामुळे ते मनापासून होतं की ओघात आलं हे ठरवणं कठीण होतं. मी ठरवलं नाही. सकाळी उठून साहेबांना सगळं खरं सांगून टाकलं: फॅन, फिती, सुट्टी. बायकोचं नाव एकदाचं निर्दोष झालं. साहेबांनी अभिनंदनाची ओळ काढली, फॅन घरी न्यायला लावला आणि खोलीत खासगी उपकरणं ठेवू नयेत असा आदेश सगळ्यांना पाठवला. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत हा आदेश वाचून बरेच लोक गोंधळले.

पुढच्या महिन्याच्या अहवालात माझी खोली सगळ्यात खाली होती. वापर: नगण्य. जो काही थोडा वापर दिसत होता तो मामा चहा घेऊन येत होते तेवढाच असावा. त्यापाठोपाठ सूचना आली, की वापरात नसलेल्या खोल्या काढून घेऊन त्या गरजू कर्मचाऱ्यांना देण्यात येतील. मी साहेबांकडे धावलो. म्हणजे, गेलो.

"साहेब, मी रोज त्या खोलीत असतो."

"यंत्र तसं म्हणत नाही."

"यंत्राला मी दिसत नाही."

"बाकी सगळे दिसतात."

"मी वाचत असतो, साहेब. वाचताना माणूस हलत नाही. आणि हललं तर चुका राहतात. एखादी चूक राहिली तर कुणाच्यातरी घरात काहीतरी पेटेल."

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट गरगर फिरवला. त्यांच्या खोलीतला दिवा कधीच विझत नसणार, हे माझ्या लक्षात आलं.

"आत्ता या क्षणी तुम्ही कुठे आहात?" त्यांनी विचारलं.

"इथे. आपल्यासमोर."

"म्हणजे आत्तासुद्धा तुमची खोली रिकामीच आहे," साहेब म्हणाले, आणि एखादं अवघड गणित सुटावं तसे खुर्चीत मागे रेलले.

माझी खोली भोवऱ्याला मिळाली. इमारतीत सगळ्यात जास्त हालचाल त्याची, तेव्हा सगळ्यात जास्त गरज त्याची, असं ठरलं. मला मोठ्या हॉलमध्ये जागा दिली. म्हणजे ठरलेली जागा अशी नव्हे. सकाळी जी खुर्ची मोकळी दिसेल तिच्यावर बसायचं. माझं टेबल बाहेर काढायला माणसं आली तेव्हा मी लाल पेन हातात धरून कॉरिडॉरमध्ये उभा होतो. ती माणसं आत वाकत होती, उचलत होती, एकमेकांवर ओरडत होती, आणि दिवा इतका लख्ख जळत होता की मी तिथे बसत असताना इतका उजेड कधी पडला नव्हता. मला वाईट वाटलं, हे सरळच सांगतो. टेबल गेलं म्हणून तितकं नाही. मी बाहेर पडल्यावर खोलीला बरं वाटल्यासारखं दिसलं, म्हणून.

हॉलमध्ये दिव्याचा त्रास मुळीच नव्हता. तिथे इतकी माणसं इतक्या कारणांनी उठत-बसत होती, की एक मी बसून राहिलो तरी खपून जायचं. पण वाचायचं कसं? एकजण चार्जर मागायचा, दुसरा तोच परत करायला यायचा. समोरचा माणूस फोनवर बोलताना माझ्याकडे बघून बोलायचा, आणि मी हो म्हणावं की नाही हे मला कळायचं नाही. भोवरा तर फेरीगणिक माझ्याकडे यायचा. त्याला खोली सोसत नव्हती.

"आत बसून करायचं काय असतं?" एकदा त्याने अगदी काकुळतीला येऊन विचारलं.

"बसायचं," मी म्हणालो.

"ते झालं. मग?"

अशा गडबडीत हीटरच्या कांडीची पुस्तिका माझ्यापुढे आली. एक ओळ मी पाचेकदा वाचली आणि प्रत्येक वेळी मध्येच कुणीतरी काहीतरी विचारलं. शेवटी संध्याकाळी छापखान्याचा माणूस डोक्यावर येऊन उभा राहिला आणि मी सही करून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई सुरू व्हायची होती.

त्या सकाळी मी न्हाणीघरात होतो. बादलीत आमच्याच कंपनीची कांडी होती. पाणी तापलं का बघावं म्हणून मी हात पुढे केला, आणि स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "आधी बटण बंद करा!"

ती हे रोज ओरडते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिला हे ओरडावं लागेल असं दिसलं आणि तेव्हापासून तिने एक दिवस चुकवलेला नाही. मी रोज 'हो' म्हणतो. त्या दिवशी मात्र माझा हात तसाच हवेत राहिला, आणि आदल्या दिवशीचं पान जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं. पाणी तापल्याची खात्री करण्यासाठी पाण्यात हात घालून पाहावे. त्याखाली, पुढच्या क्रमांकावर: बटण बंद करावे.

दोन सूचनांची अदलाबदल झाली होती. आधी हात, मग बटण. आणि खाली माझी सही.

मी छापखान्यात फोन लावला. यंत्रांच्या आवाजात तिथे फोन ऐकू येत नाही. कचेरीत लावला, तर एका गोड आवाजाच्या बाईने आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगितलं आणि वाद्यसंगीत लावून ती निघून गेली. मी अंगात मिळेल तो शर्ट चढवला आणि पळत सुटलो. बायको मागून काहीतरी विचारत होती. रिक्षात बसल्यावर बघितलं, तर एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात घरातली सपात.

छापखाना तळघरात, इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. मी आत शिरलो आणि धावलो. आपोआप उघडणारी जी काचेची दारं एरवी माझ्या नाकाला चिकटेपर्यंत ढिम्म हलत नाहीत, ती त्या दिवशी मी पोहोचायच्या आत उघडली. कॉरिडॉरमधले दिवे माझ्यापुढे एकामागून एक लागत गेले. हॉलमधून धावलो, तशी माणसं खुर्च्यांसकट बाजूला सरकली. साहेब पेला घेऊन नळापाशी विचारात उभे होते, त्यांच्या बाजूने गेलो. मामांचा ट्रे वाचला, तो केवळ त्यांच्या अनुभवामुळे.

तळघरात यंत्र सुरू झालं होतं. मी दारातून ओरडलो, ते मलाही ऐकू आलं नाही. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. यंत्रावरच्या माणसाने मला बघितलं, हसला, आणि त्यानेही प्रेमाने हात हलवला. मग मी पुढे होऊन भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

सगळं थांबलं. मी ताज्या ढिगातलं वरचं पान उचलून त्याच्यापुढे धरलं आणि बोट ठेवलं. त्याने वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आमच्याकडेही हीच कांडी आहे," तो म्हणाला, आणि न सांगता तो ढीग फाडायला बसला. मी जिन्याच्या पायरीवर टेकलो. सुटल्यासारखं वाटत होतं. कुणाचाही हात अजून पाण्यात गेलेला नव्हता.

तेवढ्यात जिन्यावरून साहेब उतरले. मागे भोवरा, त्यामागे मामा आणि बघे.

"हे!" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "हेच मला हवं होतं!"

"साहेब, पुस्तिकेत... बटणाच्या आधी हात..." मला दम लागला होता.

"पुस्तिका राहू द्या हो! या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवे लागत गेले. मी स्वतः बघितलं. बसवल्यापासून इतके सुंदर कधी चालले नव्हते."

"लोकांना शॉक बसला असता, साहेब."

"असता! पण बसला का? नाही. कशामुळे?" त्यांनी सगळ्यांकडे वळून बघितलं. "हालचाल!"

हॉलमध्ये बसवलं म्हणून चूक राहिली, हे मी दम परत आल्यावर सांगणार होतो. पण तोपर्यंत साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारून मला खोली परत दिली होती, आणि भोवऱ्याने इतक्या घाईने हो म्हटलं, की मी गप्प बसणं पत्करलं. गप्प बसण्यात मी मुळातच चांगला आहे. अट एकच घातली गेली: आज दाखवली ती चपळाई रोज दिसली पाहिजे.

म्हणून हल्ली मी रोज सकाळी आणि जेवणानंतर एकेक फेरी धावतो. हातात एक कोरा कागद असतो. तळघर, हॉल, साहेबांच्या दारावरून, मग जिना. सगळे दिवे लागतात. पडद्यावर आता कॉरिडॉरही दाखवतात, त्यात माझा कॉरिडॉर पहिला असतो आणि साहेब पाहुण्यांना तो बोटाने दाखवतात. मग मी खोलीत शिरून दार लावतो. दिवा थोडा वेळ जळतो, विझतो, आणि मी टेबल खिडकीला सरकवून त्या उजेडात संध्याकाळपर्यंत वाचतो. मामांना सांगून ठेवलं आहे, अंधार दिसला तर समजा मी आत आहे.

परवा जिन्याच्या वळणावर भोवरा उलट दिशेने येताना भेटला. त्याच्याही हातात कागद होता. मला घाम फुटला होता, धाप लागली होती, आणि खोली अजून बरीच लांब होती.

"कुठे निघालात एवढ्या घाईने?" त्याने न थांबता विचारलं.

"बसायला," मी म्हणालो, आणि धावत राहिलो.